हाताचं पथ्य

चांगुणाबाईला गोटीराम पहिल्यांदा दिसला तो खुर्चीत बसलेला, आणि तिला त्याचा असा राग आला म्हणता!

मखमलाबादच्या त्या व्यायामाच्या हॉलमध्ये बिनहाताची खुर्ची एकच. तिच्यातून दहा वेळा उठायचं, दहा वेळा बसायचं. डॉक्टरांनी चिठ्ठीवर गोळीच्या जागी हेच लिहून दिलेलं. चांगुणाबाई काठीवर रेलून वाट बघतेय, आणि हा म्हातारा आपला बसलाय तो बसलाय...

"खुर्ची काय लग्नात आंदण मिळाली का?"

"नाही हो बाई," तो हळूच म्हणाला. "उठता येईना. कुणाला सांगू नका."

तिनं पदर तोंडाला लावला. गुढीपाडव्यापासून पहिल्यांदाच हसली ती.

हीच चांगुणाबाई एके काळी झेंडूची पाटी डोक्यावर, दुसरी कमरेवर, आणि वरच्या पाटीत झोपलेलं मांजर, अशी पार फूलबाजारापर्यंत चालत जायची. मांजराला जाग यायची नाही. खोटं वाटत असेल तर मांजराला विचारा! पण सत्तरी ओलांडली, अंगावरचं मांस गेलं, आणि पाडव्याच्या आदल्या दिवशी ती झेंडूच्या सरीत बसली ती बसलीच. उन्हं डोक्यावर आली तरी तिथंच. लागलं काही नव्हतं. नुसतं उठता येत नव्हतं.

"आई, मळ्यातलं घर आता बंद," मुलगा म्हणाला, समाधान. "माझ्याकडं फ्लॅटवर चल."

"पाचव्या मजल्यावर? तिथं काय लावू, ढग?" मग तिचा आवाज खाली आला. "दसऱ्यापर्यंत थांब रे. त्याच सरीत बसंन आन् कुणाचा हात न धरता उठंन. नाय उठले... तर ने."

म्हणून हा हॉल. आठवड्यातून तीनदा. व्यायाम घेणारी वेदिका मॅडम पायाला वाळूच्या पिशव्या बांधायची. अर्धा किलो, मग एक. जमायला लागलं की पुन्हा वाढवायची. गोटीराम एकलहऱ्याच्या वीज केंद्रातून रिटायर झालेला फिटर. हात अजून पान्यासारखे, गुडघे मात्र वाऱ्यावर. बायको जाऊन तीन वर्षं झालेली.

"गोटीरामभाऊ, पिशवी किती आज?"

"दीड किलो."

"एवढं वजन तर माझ्या नथीचं असायचं!"

"मग घालून या की एकदा नथ... बघू तरी."

चांगुणाबाईनं पिशवीचा बंद उगाच आवळला. नवरा गेलेल्या बाईला असं बोलतं का कुणी? पण राग आलाच नाही, आणि तेच तिला घरी जाईपर्यंत टोचत राहिलं.

पुढं जमिनीवर बसून उठायचा व्यायाम आला. वेदिकाची पाठ वळली की गोटीरामचा हात पुढं यायचा. खरखरीत, उबदार. चांगुणाबाई उठायची... आणि हात सोडायला जरा उशीर करायची.

ऐन गणपतीत वेदिकानं पकडलं. "काका, हात मागे! तुमचा हात आजींचं औषध पितोय. आजपासून त्याला पथ्य."

गोटीरामचा चेहराच उतरला. बाहेर पायरीवर जाऊन बसला. चांगुणाबाई शेजारी टेकली.

"आमच्या हिला मी पाण्याचा ग्लास उचलू दिला नाही कधी," तो म्हणाला. "आजारी होती ना... माया म्हणून. दोन वर्षांत ती कुशीवर वळायचीसुद्धा राहिली. आजाराला बोल लावत बसलो मी. पण निम्मं मीच केलं, चांगुणाबाई. तुम्हाला आता हात देणार नाही."

ती काठीच्या टोकानं फरशी घासू लागली.

"देऊ नका," ती म्हणाली. "पण मी सरीतून उठणार त्या दिवशी मळ्यात या. समोर उभं राहा... एवढंच."

दसऱ्याच्या आदल्या सकाळी मळा पिवळाधमक. चांगुणाबाई सरीत बसली. समाधान बांधावर, गोटीराम समोर. तिनं गुडघा टेकला, जोर केला... पाय घसरला आणि मागं कलंडली.

"आई!" समाधान धावला.

"थांबा!" गोटीराम ओरडला. त्याचे दोन्ही हात पाठीमागं, एकमेकांत अडकवलेले; बोटं पांढरी पडलेली. डोळे भरलेले, पण जागचा हलला नाही. "टाच आत घ्या, चांगुणाबाई. घाई नाही."

तिनं त्याच्याकडं बघितलं. टाच आत घेतली. तळवा मांडीवर दाबला. अंग थरथरलं, दात घट्ट आवळले... आणि झेंडूच्या वर तिचं डोकं आलं, मग खांदे, मग अख्खी चांगुणाबाई.

समाधाननं मळ्याच्या घराला कुलूप लावायला घेतलेली किल्ली खिशातून काढून तिच्या हातावर ठेवली आणि तोंड फिरवून नाक पुसलं.

चांगुणाबाई लुगड्याची माती झटकत बांधावर गेली. तिथं झेंडूची पाटी होती, अर्धीच भरलेली. तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली.

"अहो..." हाकेतला 'भाऊ' कुठं सरीतच राहिला. "पाटीला हात लावा की. पाटी डोक्यावर घ्यायला धडधाकट बाईलाबी दुसरं माणूस लागतंच."

गोटीरामचे हात पाठीमागून सुटले. पाटी दोघांनी मिळून वर चढवली. त्याचे हात तिथंच, पाटीच्या काठावर.

"पथ्य सुटलं म्हणायचं?"

"पाटीपुरतं," ती म्हणाली. मग मान न हलवता, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत...

"माझी रोज एक पाटी असतीय."