कानामागचं हाड

सिविल लाइंसमध्ये कानाच्या डॉक्टरांच्या बाकावर मार्तंडनं शेजारच्या मुलीला तीनदा विचारलं, डॉक्टर आलेत का जी? उत्तर नाही. केवढा हा तोरा, असं पुटपुटत तो तिच्यासमोर येऊन उभा राहिला. ती दचकली, लाल झाली... आणि हळूच म्हणाली, "डावा कान बंद आहे माझा. कुणाला सांगू नका."

तिचं नाव प्रमोदिनी. घरी बोलायची सोय नव्हती, म्हणून त्या परक्या माणसापाशी तिनं सगळं सांगून टाकलं. रविवारी गणपतीत तिचं गाणं होतं आणि ऐकायला ग्वाल्हेरच्या नामवंत गायिका कमळाबाई येणार होत्या. आवडलं तर शिष्या करून घेतील. पण पंधरा दिवस झाले, स्वतःचाच आवाज डोक्यात घुमत होता आणि तानपुरा नीट ऐकूच येत नव्हता. गळा कितीही गोड असू द्या, कान फितूर झाला की सूर गेलाच म्हणायचा! त्यात कंपाउंडरनं येऊन सांगितलं, डॉक्टर सोमवारी भेटतील.

मार्तंड रेल्वेत होता. हातोडीनं गाडीची चाकं ठोकायची, आवाज बद्द आला की चाक तडकलंय समजायचं. त्याचंही पोट कानावरच. त्यानं खिशातलं घड्याळ तिच्या डाव्या कानाशी धरलं. काही नाही. मग, रागावू नका हं, म्हणत कानामागच्या हाडावर टेकवलं.

"येतंय," ती म्हणाली. "स्पष्ट येतंय..."

रेल्वेचे डॉक्टर आमची अशीच परीक्षा घेतात, त्यानं सांगितलं. आतली नस मेली असती तर हाडातूनही आलं नसतं. बाहेरची वाट तेवढी बुजलीय. तानपुऱ्याची दांडी तिथंच टेकवून गा. सांगून होताच त्यानं घड्याळ चटकन मागं घेतलं, आणि तो संकोच तिला आवडला.

रविवारी तिनं दांडी कानामागं टेकवली. षड्ज हाडातून सरळ आत आला आणि ती गायली. तिसऱ्या रांगेत मार्तंड कान देऊन बसला होता.

गाणं संपल्यावर कमळाबाईंनी विचारलं, हे दांडी टेकवणं कुणी शिकवलं? खोटं बोलली असती तर निभावलं असतं. पण प्रमोदिनीनं कानाचं खरं सांगितलं. वडिलांनी मान खाली घातली.

"सुरात होतीस," बाई म्हणाल्या. "आधी लखनौच्या मोठ्या डॉक्टरांना कान दाखव. मग ये."

मंडपाबाहेर मार्तंड घुटमळत उभा होता. "लखनौचा पास काढून देईन मी. पण... रेल्वेचा पास बायकोलाच मिळतो."

तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मग बाबांना आजच भेटा," ती म्हणाली. "कानाला उशीर चालायचा नाही."