चौथी घंटा दर गुरुवारी चुकते

“दर गुरुवारी तुझीच घंटा का चुकते रे, फेलिक्स?”

विचारलं मी एकदाचं! शाळेत सायकली लावतो तिथे, भर दुपारी, सगळ्यांसमोर. टिली आणि ग्वेन या माझ्या मैत्रिणींनी पैज लावली होती — नाही विचारलंस तर तुझी ती तपासाची वही नदीत! आणि वही म्हणजे माझा जीव. शाळेचा चषक कुणी पळवला ते मी तिच्याच जोरावर शोधलं होतं.

फेलिक्सचे कान लाल झाले. हेल्मेटचा पट्टा त्याने तीनदा लावला, तीनदा काढला.

“तू ना गुप्तहेर? मग शोध की.”

“शोधलं तर?”

“तर... बघू.”

ते ‘बघू’ मी दोन दिवस पुरवून पुरवून खाल्लं.

बाजारामागच्या चर्चच्या मनोऱ्यात सहा घंटा, सहा दोर, सहा माणसं. गुरुवारी संध्याकाळी सराव. आणि गेले सहा आठवडे, बरोबर सात चाळीसला, फेलिक्सची चौथी घंटा अडखळायची. अख्ख्या केंब्रिजला ऐकू जायचं! शनिवारी इली गावी घंटावादनाची स्पर्धा होती, आणि मुख्य वादक मिस पेंडल यांनी बजावलं होतं — या गुरुवारी चुकलास तर तुझ्या जागी दुसरा. लहानपणापासून ज्या दोराला लोंबकळला, तोच हातातून जाणार होता बिचाऱ्याच्या.

माझा संशय रोझलिंडवर. तिसरी घंटा तिची. लांबसडक तांबडी वेणी, आणि हसली की गालाला खळी. त्यातून घंटावाल्यांचा नियम असा, की आपल्याआधी ज्याची घंटा वाजते त्याच्या हातांकडे बघत राहायचं. म्हणजे फेलिक्सने तासभर रोझलिंडकडे बघायचं! बरा नियम आहे! वहीत मी लिहिलं, ‘कारण : खळी’. खाली तीन रेघा ओढल्या. पेन्सिल तुटली.

एकच गोष्ट जुळत नव्हती. एकोणीस तारखेच्या गुरुवारी चौथी घंटा चुकली नव्हती. मी तेव्हा तापाने घरी पडून ऐकत होते. रोझलिंड तर होती की त्या दिवशी! मग?

गुरुवारी सेलोच्या, म्हणजे त्या माणसाएवढ्या व्हायोलिनच्या, शिकवणीला दांडी मारली आणि मनोऱ्याच्या गोल जिन्याने गुपचूप वर गेले. दार किलकिलं होतं. फटीतून बघत राहिले — वेणी, दोर, वेणी.

सात चाळीस.

फेलिक्सची नजर रोझलिंडवरून उडाली... आणि थेट खिडकीकडे गेली. खाली, रस्त्यावर. मान लांब करून तो कुणाला तरी शोधत होता — आणि घंटा धडपडली.

“थांबा!” मिस पेंडल कडाडल्या. “फेलिक्स, बाहेर काय जत्रा भरलीय? एक शेवटची फेरी. चुकलास तर शनिवारी घरी बसायचं!”

मी पुढे वाकले आणि दार करकरलं. सहाही माना वळल्या.

“अगं, व्हेरिटी!” रोझलिंड म्हणाली. “आज पाठीवर तुझं ते सेलोचं कपाट नाही? दर गुरुवारी याच वेळेला तर खालून जातेस —”

ती थांबली. फेलिक्सकडे बघितलं. आणि हसली. खळीसकट.

ताप... एकोणीस तारीख... मी त्या वाटेने गेलेच नव्हते!

मी भिंतीजवळच्या बाकावर बसले. शेवटची फेरी सुरू झाली. फेलिक्सने एकदाही खिडकीकडे बघितलं नाही, आणि चौथी घंटा अशी वाजली... अशी वाजली, की पाचवीवरचे म्हातारे मिस्टर क्रॅब म्हणाले, “आता शनिवारनंतर मी सुखाने दोर सोडतो बाबा. गुडघे गेले माझे.”

जिन्यात फेलिक्स मागून आला.

“चौकशी संपली,” मी म्हणाले. “गुन्हेगार सापडला.”

“कोण?”

“मी.”

तो भिंतीशी बोलला, “आज दिसली नाहीस. वाटलं, माझ्यावर रागावलीस.”

“रागावले होतेच. पण रोझलिंडवर!”

“तिच्यावर? ती तर महिनाभर माझ्या मागे लागलीय — विचार तिला, विचार तिला —”

“मग विचार की.”

“शनिवारी... इलीला येशील? माझ्यासाठी?”

“बघू,” मी म्हणाले. त्याचं तोंड बघण्यासारखं झालं! मग मीच त्याचा हात धरला. दोराने खरखरीत झालेला होता... आणि गरम.

घरी आई भाजलेले बटाटे वाढत होती. मी कोटही काढला नाही.

“आई, बाबा, ऐका. सेलो सोमवारी सकाळी सातला. हो, उठेन! आणि दर गुरुवारी मी मनोऱ्यात घंटा शिकणार. मिस्टर क्रॅबच्या जागी. पाचवी.”

“पाचवीच का?” बाबांनी विचारलं.

“कारण पाचवीवाल्याने चौथीवाल्याकडे बघत राहायचं असतं, बाबा. नियमच आहे तसा!”