ब्रेकरला घासणारी हिरवी गाडी

खर्रर्र...

दाराबाहेर असा आवाज झाला, की मेघाच्या हातातला चहा अर्धा बशीत आणि अर्धा ओढणीवर. ती गॅलरीत धावली. मुकुंदवाडीतल्या त्यांच्या गल्लीत, बरोबर त्यांच्या दारासमोर, एक लांबुळकी हिरवी गाडी स्पीडब्रेकरवर पोट टेकून बसली होती. पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे.

हा ब्रेकर सरकारी नव्हता. गल्लीतून पोरं बाइक उडवायला लागली, तेव्हा मेघाच्या आईने, करुणाबाईंनी, स्लॅबच्या उरलेल्या मालातून तो स्वतः उभं राहून घालून घेतला होता. त्यामुळे तो ब्रेकर कमी आणि बांध जास्त होता.

गाडीतून एक उंच मुलगा उतरला आणि वाकून खाली बघू लागला. चेहरा असा, की जणू पोटच्या लेकराला खरचटलंय.

"ओ... मदत पाहिजे का?"

त्याने वर पाहिलं. आणि पाहतच राहिला.

"व्हय... म्हणजे, उचलावं लागंल."

"गाडीला, का तुम्हाला?"

गल्लीतल्या चार जणांनी हात लावला तेव्हा कुठे गाडी सुटली. तोवर मेघा खाली उतरून चाकाआड डोकावली होती.

"स्प्रिंग कापलीत तुम्ही!"

"दीडच वेढा," तो ओशाळून म्हणाला. "गाडी खाली बसली की देखणी दिसते."

"बसली की. आमच्या दारात!"

मेघा चिकलठाण्याच्या एका कारखान्यात स्प्रिंगा तपासायची. कोणती किती भार सोसते, हे दिवसभर मशीनवर दाबून बघायचं. कापलेली स्प्रिंग बघून तिचा जीव कळवळला. त्याचं नाव प्रणय. गुलमंडीत चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा.

"लोकांचे चष्मे करता, अन् एवढा मोठा ब्रेकर दिसला नाय?"

"दिसला असता... पण वर गॅलरीत कुणीतरी दिसलं होतं."

असं कुणी तोंडावर बोलतं का? मेघाचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सातला पुन्हा खर्रर्र. मग रोजच. छावणीत राहणाऱ्या माणसाला गुलमंडीहून घरी जाताना मुकुंदवाडी लागत नाही, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. मेघा पावणेसातलाच केस विंचरून तयार असायची. पण आवाज आल्याशिवाय गॅलरीत पाऊल टाकायची नाही. वाट बघत होती, असं त्याला वाटायला नको ना!

"आला गं तुझा खर्रर्र," करुणाबाई आतून ओरडायच्या. "रोज माझा ब्रेकर झिजवतोय!"

गॅलरीखालच्या त्या पाच-पाच मिनिटांत 'तुम्ही'चं 'तू' झालं आणि गाडीची गोष्टही कळली. वीस वर्षांची जपानी वॅगन, प्रणयच्या पप्पांनी जुनी घेतलेली. राजकुमार पप्पा वेरूळच्या लेण्यांत गाइड होते. याच गाडीने कामावर जायचे, याच गाडीने अख्खं घर फिरवायचे. पुढे ती बंद पडून लिंबाखाली गंजत राहिली. तीन वर्षं सुट्टीचा एकेक दिवस घालून प्रणयने तिला उभी केली होती. गर्द हिरवा रंग, भंगारातून शोधलेली रुंद चाकं, सीटवर हिमरूचं कापड. आता वेरूळ रोडवर हौशी गाड्यांचा मेळावा होता, त्यात त्याने तिचं नाव दिलं होतं. जितकी गाडी खाली, तितका तिचा भाव.

"कापलेल्या स्प्रिंगा फेक," मेघा म्हणाली. "तेवढ्याच खाली बसणाऱ्या, पण नीट मापाच्या करून देते."

माप घ्यायला ती रविवारी छावणीत गेली. राजकुमार पप्पा दारात आले, हसून "जयभीम, पोरी" म्हणाले.

"पप्पा, बसून बघा ना," प्रणयने दार उघडलं.

पप्पांनी एक हात टपावर ठेवला, दुसरा गुडघ्यावर. अर्धे वाकले... थांबले... आणि सरळ झाले.

"नंतर बसतो रे. तू पोरीला दाखव." टपावर हळूच थोपटून ते आत गेले.

प्रणय कापडाने बॉनेट पुसत होता. त्याने हे पाहिलंच नाही. मेघाने पाहिलं.

"प्रणय, ही गाडी कुणासाठी केलीस?"

"पप्पांसाठी. त्यांचीच हाय ती."

"मग ते किती वेळा बसले?"

त्याचा हात थांबला.

"तीस वर्षं लेण्यांच्या पायऱ्या चढलेले गुडघे आहेत ते. एवढ्या खालच्या सीटवर ते बसूच शकत नाहीत. तुझं मन मोडू नये म्हणून बोलत नाहीत." मेघाने मापाची पट्टी पर्समध्ये टाकली. "मी या स्प्रिंगा करून देणार नाय."

ती निघाली तरी तो कापड हातात धरून तसाच उभा होता.

सोमवारी सातला आवाज आला नाही. मंगळवारीही नाही. मेघा आत कॉटवर बसून कान टवकारायची. रिक्षा जायची, दूधवाला जायचा... खर्रर्र काही नाही. आपण खरं तेच बोललो, हे तिला माहीत होतं. पण त्या खरं बोलण्यानेच तो गेला होता, आणि तो हवा होता. खूप हवा होता.

"लई दिवस झाले, माझा ब्रेकर कुणी झिजवला नाय," करुणाबाई म्हणाल्या आणि लेकीचे डोळे बघून तिच्यासाठी चहा ठेवायला वळल्या.

रविवार, मेळाव्याचा दिवस. सकाळीच बेल वाजली. दारात राजकुमार पप्पा!

"पोरी, तुमच्या दारात म्हणं मोठा ब्रेकर हाय? मला गाडीत काय समजलाच नाय!"

मागे प्रणय उभा होता, आणि त्याच्या मागे हिरवी वॅगन, आधीपेक्षा पुरती दोन इंच उंच.

"सोमवारीच मूळ मापाच्या स्प्रिंगा बसवल्या," तो म्हणाला. "मेळाव्यातून नाव मागं घेतलं. आठवडाभर रोज सातला येतोय... तू बाहेरच आली नाहीस. म्हटलं, रागावलीस."

"मी? अरे... आवाजच आला नाय!"

दोघं एकमेकांकडे बघत राहिले आणि एकदमच हसत सुटले.

"म्हंजे माझा ब्रेकर फुकट गेला," करुणाबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या.

"मेघा," प्रणय हळूच म्हणाला, "मला तू आवडतेस. गाडी आता घासत नाय, म्हणून तोंडानं सांगावं लागतंय. तुझं... तुझं काय?"

"सांगते की. आधी वेरूळपर्यंत फिरवून आण."

पप्पा पुढे ऐटीत बसले, मायलेकी मागे हिमरूवर. गाडी हळूच ब्रेकरवर चढली आणि बिनआवाज उतरू लागली. मेघाला काही राहवलं नाही.

"खर्रर्र..." तिनेच तोंडाने आवाज काढला.

"काय गं, काय घासलं?" राजकुमार दचकले.

"काही नाय, पप्पा."

बोलून गेली आणि तिने जीभ चावली. पण 'पप्पा' हा शब्द निघून गेला होता. पप्पा गालात हसले. प्रणयने गाडी तिथेच थांबवली आणि आरशातून तिच्याकडे बघत राहिला.

"चला आता," करुणाबाई म्हणाल्या. "मागं रिक्षावाला कवाचा हॉर्न मारतोय."