रॉकेलच्या वासाची वाईन

मी त्याचं मनगट घट्ट धरलं, तेही सगळ्यांच्या देखत, आणि तोवर मला त्याचं नावही ठाऊक नव्हतं.

इथे परदेशात, हेन्डरसनमधल्या एका वाईनच्या दुकानात जर्मन वाईन चाखण्याचा कार्यक्रम होता. ऑफिसातल्या ऋचाने मला बळेच नेलं आणि स्वतः चीजपाशी रमली. मी पहिलाच ग्लास नाकाशी नेला आणि हबकले. रॉकेल! लहानपणी पुण्याला आमच्याकडे स्टोव्ह होता; तो वास मी झोपेतही ओळखेन. शेजारचा उंच तरुण त्याच बाटलीतली वाईन ओठांना लावणार, एवढ्यात मी त्याला अडवलं आणि घाबरून चक्क मराठीत बोलले.

"पिऊ नका — यात रॉकेलची भेसळ आहे."

"भेसळ नाही हो," तोही मराठीत म्हणाला. "ही रीसलिंग, द्राक्षाची जात. वाईन जुनी झाली की तिला असाच वास येतो. तुमचं नाक फारच चांगलं आहे… आणि मनगट सोडलंत तरी चालेल. नाही सोडलंत तरी चालेल."

मी चटकन हात मागे घेतला. त्यात कळलं की कार्यक्रम त्याचाच होता. हा अक्षत, पुण्याचा इंजिनीअर, नोकरी सोडून इथल्या द्राक्षमळ्यात वाईन करायला शिकत होता, आणि मी त्यालाच वाचवायला निघाले होते! तोंड कुठे लपवू असं झालं मला.

तरी पुढच्या शनिवारी मी गेले. मग दर शनिवारी, ऋचाशिवाय. त्याने मला सिल्व्हानर नावाची वाईन ओळखायला शिकवलं. गेवुर्त्सट्रामिनरला गुलकंदासारखा वास आला, तेव्हा मी थक्कच झाले. श्पेटबुर्गुंडर हे जीभ वळवणारं नाव म्हणजे आपल्या ओळखीचीच लाल वाईन, पिनो न्वार, हे कळल्यावर तर मी त्याच्याशी भांडले. मी ग्लासात नाक खुपसलं की तो माझ्याकडे बघत राहायचा. मला ते कळायचं. आवडायचंही.

एका शनिवारी बाहेर पाऊस रिपरिपत होता. उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड वाईन ओतता ओतता तो म्हणाला, की जर्मनीत ऱ्हाईन नदीकाठच्या, वाईन शिकवणाऱ्या कॉलेजात त्याला प्रवेश मिळालाय, दोन वर्षांसाठी.

 मनातलं सांगायची घाई काय, असं मी इतके दिवस स्वतःला समजावत होते.

"उद्या उत्तर कळवायचंय," तो खाली बघत म्हणाला. "तुम्ही राहा म्हणालात, तर… राहीन."

मला आनंद व्हायला हवा होता. झाला संताप.

"म्हणजे माझ्यामुळे राहिलात, हे जन्मभर मी ऐकायचं? मी राहा म्हणणार नाही."

त्याचा चेहरा पडला. "ठीक आहे… कळलं."

"काही कळलेलं नाही. तुम्ही जा, आणि मी येते. प्रोग्रॅमिंगचं काम मला तिकडेही मिळेल. मला तुमच्याशी लग्न करायचंय, अक्षत."

हे मी बोलले? माझी मीच दचकले. अक्षत तर बाटली वाकडी धरून उभाच राहिला. ग्लास भरून वाईन टेबलावर आली, तिथून माझ्या कुर्त्यावर ओघळली.

"आईबाबा सध्या इथेच, हिल्सबरोला दादाकडे आलेत," तो एकदाचा म्हणाला. "आत्ताच जाऊ या? मी एकट्याने सांगितलं तर त्यांचा विश्वास बसायचा नाही. माझाच बसत नाहीये."

"अहो, माझ्या कुर्त्याला दारूचा वास येतोय…"

"येऊ दे. चल."

आणि मी निघाले, तशीच.