विकलफोर्डचे चार लाल ठिपके

"माणूस या पृथ्वीवरची कुठलीही गोष्ट चोरू शकतो, पद्या. सोनं, जहाज, दुसऱ्याची बायको. पण जागा चोरता येत नाही. ती जिथल्या तिथेच राहते!"

क्वीन्सटाउनच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत, गरम सुपाचा ट्रे सावरत शामकांत रेगे यांनी हे त्रिकालाबाधित सत्य उच्चारलं आणि मागे वळून पाहिलं. इथल्या रिवाजाप्रमाणे टिश्यूचं पाकीट ठेवून धरलेल्या त्यांच्या जागेवर एक चिनी आजीबाई बसल्या होत्या. त्याच टिश्यूने त्या चमचा पुसत होत्या.

पद्माकर ओक हसले नाहीत. शाळेपासूनच्या मैत्रीत काही पथ्यं पाळावी लागतात. बँकेतून निवृत्त होऊन ते मुलाकडे या बेटावरच्या परक्या देशात राहायला आले होते. शामकांत जहाजावरचे माजी चीफ इंजिनिअर. आता खासगी तपास करत. बिघडलेलं इंजिन आणि खोटं बोलणारा माणूस यांना नुसता कान लावून ऐकायचं, असं ते म्हणत. पद्माकरना दोन्हींतून फक्त आवाज ऐकू येई.

दोघांनी दुसरं टेबल शोधलं, तोच पस्तिशीची एक बाई धापा टाकत समोर आली.

"शामकाका, मी अनघा. क्षितिजची बायको. तो तुमच्या जहाजावर ज्युनिअर होता. काका, माझी चारशे चाळीस घरं चोरीला गेली."

पद्माकरच्या हातातला चमचा सुपात बुडाला. त्यांना आयुष्यात एक घर घ्यायला बावीस वर्षं लागली होती.

"बस," शामकांत म्हणाले. "पहिल्यापासून सांग."

विकलफोर्ड हे इंग्लंडातलं एक लहान शहर. पुढची पाच वर्षं पुरेल इतकी घरबांधणीची जमीन आपल्याकडे आहे, हे तिथल्या कौन्सिलला दरवर्षी दाखवावं लागतं. तो हिशेब इथल्या पाया लेबार भागातल्या एका इमारतीत बाराव्या मजल्यावर अनघाची कंपनी करून देई. जमीन संपली की समुद्रात वाळू ओतणाऱ्या देशात बसून, मैलोन्‌मैल कुरणं असलेल्या देशाची जमीन मोजायची. पद्माकरना यात काहीतरी उलटं वाटलं, पण नेमकं काय ते सापडेना.

"कौन्सिलचा माणूस छापील नकाशा घेऊन हिंडतो," अनघा सांगत होती. "जिथे घरं होणार नाहीत तिथे लाल शाईचा गोल ठिपका देतो. नकाशा आमच्याकडे येतो, आम्ही स्कॅन करतो, मशीन ठिपक्याजवळची जागा यादीतून काढून टाकतं. त्याने अकरा ठिपके दिले होते. स्कॅनमध्ये पंधरा आहेत! पाच पूर्णांक दोन वर्षांची जमीन चार पूर्णांक तीनवर आली."

"पाचाच्या खाली गेलं की काय होतं?" शामकांतनी विचारलं.

"बिल्डर कुठल्याही कुरणावर अर्ज करतात आणि कौन्सिलला नाही म्हणणं जड जातं. त्यांना वाटतंय, मी कुणा बिल्डरसाठी खोटे ठिपके दिले. कारण मंगळवारी संध्याकाळी नकाशा मी घरी नेला आणि गुरुवारी परत आणला. शुक्रवारी वरुणने स्कॅन केला आणि लगेच कुरियरने परत पाठवला. उद्या पाचपर्यंत खुलासा दिला नाही तर माझी नोकरी जाते. नोकरीबरोबर इथे राहायचा पास, आणि पासबरोबर घर, लेकीची शाळा, सगळंच."

शामकांतनी सुपाचा ट्रे बाजूला सारला.

"बुधवारी घरून काम केलंस?"

अनघाने क्षणभर पाण्याच्या बाटलीकडे पाहिलं. "हो. म्हणजे... तब्येत बरी नव्हती."

दुपारी दोघं पाया लेबारला पोचले. मॅनेजर मुकुल कारखानीस यांनी त्यांना बसायलाही सांगितलं नाही.

"हे बघा रेगेसाहेब, मला वाईट वाटतं. पण बुधवारी दिवसभर तिचा लॅपटॉप उघडलाच गेला नाही. रेकॉर्ड आहे. मला मात्र मेसेज काय? वर्किंग फ्रॉम होम!"

पद्माकर हादरले. इतक्या सालस मुलीने?

वरुण हा अनघाच्या हाताखालचा इंजिनिअर. त्याच्या टेबलावर अर्धा खाल्लेला, पिवळ्या सारणाचा करी पफ होता.

"सर, मी फक्त स्कॅन केलं. ठिपके मोजायचं काम मशीनचं."

"अनघा गेली तर तिची जागा कुणाला?" शामकांतनी विचारलं.

वरुणने करी पफ खाली ठेवला. "मला. पण म्हणून काय मी..."

"स्कॅन दाखव."

नकाशाचं चित्र पडद्यावर उमटलं. शामकांत बराच वेळ बघत राहिले. जादा ठिपके चार होते. प्रत्येकाखाली पिवळट डाग.

"हा डाग कसला रे?"

"प्रिंटमधलाच असेल, सर," वरुण घाईने म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

पद्माकरनी शामकांतच्या कानाशी तोंड नेलं. "करी पफ! पोरगा रंगेहाथ सापडला."

"आणि हा चौथा ठिपका कुठे पडलाय?"

"तळ्यात, सर. बदकांच्या. तिथे आमच्या यादीतली जागाच नाही. घरं गेली ती बाकीच्या तीन ठिपक्यांमुळे."

शामकांत स्कॅनरकडे वळले. काचेच्या फटीतून त्यांनी नखाने काहीतरी उचलून तळहातावर धरलं. तांदळाचा दाणा, जरा गुलाबीसर.

"चिकन राइस," पद्माकर म्हणाले. "हे लोक जेवतात कुठे, काम करतात कुठे!"

शामकांतनी दाणा दाताखाली धरला. कट्‌ आवाज झाला. "तुझा चिकन राइसवाला भात फार कच्चा ठेवतो, पद्या."

संध्याकाळी दोघं पुंगोलला, अनघाच्या घरी गेले. अनघाच्या सासूबाई सरोजिनी पाटणकर यांनी दारातच प्रश्न टाकला, "चहा की कॉफी?" दोन महिन्यांसाठी पुण्याहून आल्या होत्या आणि स्वयंपाकघर पहिल्याच दिवशी त्यांच्या ताब्यात गेलं होतं.

"भाऊजी, माझी सून असं काही करणार नाही. मी तर तिच्या कामात कधी लुडबूडसुद्धा करत नाही. पहाटेपासून रात्रीपर्यंत त्या यंत्रासमोर बसलेली असते. वर्षातून एक दिवस तरी विश्रांती नको?"

"हवीच," शामकांत म्हणाले.

पद्माकर घर न्याहाळत होते. मिक्सरच्या पोटावर एक पुसट लाल खूण होती. टोमॅटो सॉस, त्यांनी मनात नोंद केली. फळीवर क्षितिजचा जहाजावरचा जुना पाना ठेवला होता. त्याच्यावरही तशीच लाल खूण. पान्याने सॉस कोण खातं, हा प्रश्न त्यांना पडला, पण तेवढ्यात शंकरपाळे आले.

निघताना शामकांत म्हणाले, "वहिनी, उद्या चार वाजता तुम्हीपण ऑफिसात या."

दुसऱ्या दिवशी चारला बाराव्या मजल्यावर सगळे जमले. पडद्यावर विकलफोर्डहून पिंकनी नावाचा कौन्सिलचा अधिकारी होता. तिथे सकाळ होती. कुरियरने गेलेली नकाशाची नळी नुकतीच त्याच्या टेबलावर येऊन पडली होती.

"आधी तो तांदूळ," शामकांतनी सुरुवात केली. "कच्चा आणि रंगवलेला. कच्चा तांदूळ डब्यात कुणी आणत नाही. मग पिवळा डाग. वरुण, तो तुला स्कॅन करतानाच दिसला होता."

वरुणने मान खाली घातली. "मला वाटलं, माझ्याच करी पफचा. म्हणून गप्प बसलो."

"करी पफ सांडला तर कुठेही सांडेल. चार ठिपक्यांखालीच कसा सांडेल? तिसरी गोष्ट, ते बदकांचं तळं. बिल्डरकडून पैसे खाल्लेला माणूस तळ्यातली घरं कशाला रद्द करेल? ठिपके देणाऱ्याने नकाशा वाचलाच नव्हता. त्याने फक्त कागद पाहिला. चारही ठिपके कागदाच्या चार कोपऱ्यांत आहेत, प्रत्येक तीन बोटं आत. पद्या, चार कोपऱ्यांत लाल-पिवळं लावलेला कागद तू कधी पाहिलास?"

पद्माकर विचारात पडले. "लग्नपत्रिका," ते म्हणाले. आणि स्वतःच्याच उत्तराने इतके हादरले की खुर्चीतून अर्धे उठले. "हळद-कुंकू!"

"आता बुधवार. लॅपटॉप दिवसभर बंद. मिक्सरवर लाल खूण, पान्यावर लाल खूण. गेल्या बुधवारी कोणती तिथी होती, वहिनी?"

सरोजिनीबाईंचा चेहरा उजळला. "खंडेनवमी! अवजारांची पूजा. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. हिचा लॅपटॉप मीच पाटावर ठेवला होता."

"मी सरांना काय सांगणार होते?" अनघा पुटपुटली. "लॅपटॉप पूजेला बसलाय म्हणून? पण आई, नकाशा तर कपाटात होता. नळीत!"

"मग? तेही तुझं अवजारच ना? तू झोपली होतीस, तेव्हा काढला. गुंडाळलेल्या वस्तूला कसलं कुंकू लावायचं? उलगडला, चार कोपऱ्यांना बोटं लावली, अक्षता टाकल्या आणि होता तसा ठेवून दिला."

मुकुल कारखानीस नुसतेच तोंड उघडून बसले होते.

शामकांत पडद्याकडे वळून इंग्रजीत म्हणाले, "मिस्टर पिंकनी, कोपऱ्यातला एखादा ठिपका बोटाने घासून बघा."

पिंकनीने घासला. ठिपका फिसकटून कागदभर पसरला. त्याने बोट पाहिलं, हुंगलं, घाबरून पांढऱ्या शर्टाच्या छातीला पुसलं. मग मधला एक शाईचा ठिपका घासला. तो जागचा हलला नाही.

सरोजिनीबाईंना आता कुठे उमगलं.

"म्हणजे माझ्यामुळे? पोरीची नोकरी मी...? अगं, क्षितिज समुद्रावर असतो म्हणून त्याच्या पान्याला लावते. इथलं घर तर तू चालवतेस. तुझ्या कागदाला नको लावू?"

अनघाने उठून सासूबाईंचा हात हातात घेतला आणि तो बराच वेळ सोडला नाही.

पाचला दहा मिनिटं असताना विकलफोर्डची मेल आली. मुकुलनी ती मोठ्याने वाचली, मराठी करत करत. आरोप मागे. आकडा पुन्हा पाच पूर्णांक दोन. कुरणं वाचली. अनघाच्या कंपनीशी करार कायम. या विलक्षण तपासाने कौन्सिल थक्क झालं आहे.

"खाली एक ओळ आहे," मुकुल म्हणाले. "पिंकनी विचारतोय, पांढऱ्या शर्टावरून हा लाल रंग कशाने जातो ते कृपया लवकर कळवा, सहा मिनिटांत त्याची महापौरांबरोबर मीटिंग आहे."