पहिला घास

फोन पालथा ठेव, शरण्या. अमोघ, तूही जवळ सरक. सांगतो. मी स्वतः तिथे नव्हतो. पण ज्याच्या घरी घडलं, तो शेषाद्री आणि मी तीस वर्षं एकाच शाळेत शिकवत होतो. थापा मारणारा माणूस नव्हे तो.

गेल्या मे महिन्यातला तिसरा शनिवार. अमावस्या होती. संध्याकाळी शेषाद्री दही आणायला बाहेर पडला. चेन्नईत पश्चिम मांबलमच्या त्याच्या घरी पाहुणे यायचे होते, उपेंद्र आणि त्याची बायको प्रमोदिनी. मूळ घराणं एकच, तंजावरचं. पण उपेंद्रची शाखा पुण्याला गेली आणि येणंजाणं तुटलं. आता नोकरीनं तो चेन्नईतच, शोळिंगनल्लूरला आलेला. वंशावळ लिहायचा नाद त्याला, म्हणून त्यानं शेषाद्रीला शोधून काढलं.

घरात शेषाद्रीची थोरली बहीण, वसंता अक्का. वय पंच्याहत्तर. पुण्याची माणसं येणार म्हटल्यापासून ती गप्प गप्प होती.

दिवेलागणीनंतर सगळे गच्चीवर बसले. लहानपणच्या गोष्टी निघाल्या. विहिरीत पडलेली आजोबांची चप्पल, लोणच्याच्या बरणीत अडकलेला शेषाद्रीचा हात. खूप हसले. मग उपेंद्रनं वंशावळीच्या वहीचं पान उलटलं.

"आत्या, ही तुळसी. माझ्या बाबांची मोठी बहीण. सहा वर्षांची असताना सुट्टीला इथे आली, ती परत आलीच नाही. बाबा शेवटपर्यंत विचारत होते, ताईचं काय झालं म्हणून. तुम्हाला आठवतं काही?"

"ताप आला होता," अक्का म्हणाली.

प्रमोदिनीनं विषय बदलला. "आत्या, तुम्ही म्हणे सगळ्या मुलांना गोल बसवून हातावर भात द्यायचात. आज आम्हाला द्या ना!"

"नको गं. बासष्ट वर्षांत मी कुणाच्या हातावर घास ठेवलेला नाही."

"पुण्याची माणसं घरी आलीत, अक्का, आणि तू भाव खातेस!" शेषाद्री म्हणाला.

शेवटी तिनं मोठं पातेलं मागवलं. दहीभात कालवला. घासाला अंगठ्यानं खळगा पाडायचा आणि त्यात वत्तकुळंबू, म्हणजे चिंचेचं आंबट दाट सार घालायचं, अशी तिची पद्धत. प्रमोदिनी कोपऱ्यातल्या नळावर हात धुवायला गेली.

तेवढ्यात करंट गेला. आठ वाजून वीस मिनिटं. आख्खी गल्ली काळी.

"असू दे. मला अंधारातही येतं. पहिला घास पाहुण्यांना. हं, उपेंद्र, हात कर पुढे."

थोडा वेळ गेला.

"किती रे गार हात तुझा..." आणि तिचा आवाज थांबला.

"आत्या, मी अजून हात पुढे केलाच नाही."

"...प्रमोदिनी?"

"मी इथे आहे, नळापाशी."

"शेषा?"

शेषाद्रीचे दोन्ही हात मांडीवर होते.

नळ ठिबकत होता. मग अक्काची बांगडी पातेल्यावर वाजली. एक घास. पुन्हा वाजली. आणखी एक.

"आहे गं... अजून आहे... घे."

पुन्हा. पुन्हा. शेषाद्री उठू लागला, तोच ऐकू आलं. शेजारी कुणीतरी घास चावत होतं. सावकाश. लहान मूल चावतं तसं...

मग पातेलं खरवडल्याचा आवाज.

मग काहीच नाही.

करंट आला. पातेलं रिकामं. तिघांच्याही हाताला भाताचं शीत नाही. अक्का रडत होती.

"उपेंद्र, लिही," ती म्हणाली. "बाबांना कळलं नाही, तुला तरी कळू दे. त्या रात्री तुळसीनं आणखी एक घास मागितला. मी तिच्या हातावर चापट मारली. म्हटलं, पातेलं रिकामं झालं, उद्या पहिला घास तुझा. पातेलं रिकामं नव्हतं रे. शेवटचा घास मी माझ्यासाठी ठेवला होता. तिच्यासमोर खाल्ला. पहाटे तिला ताप चढला. उद्या उजाडलाच नाही तिचा."

"आत्या, घासानं ताप येत नाही," उपेंद्र म्हणाला.

"ते मला कळतं. पण ती उपाशी गेली."

काय म्हणालास, अमोघ? मांजर? शेषाद्रीही तेच म्हणाला. गच्चीवर मांजरं येतात, अक्का, तू झोप.

सकाळी तिनं त्याला साडीचा पदर दाखवला. ती साडी तिनं धुतलेली नाही. मीही पाहिली. पदराच्या टोकाला वत्तकुळंबूचा डाग आहे. घाईघाईनं पुसलेल्या तोंडाचा ठसा, आणि त्याखाली चार बोटांचे.

मी माझी करंगळी त्यातल्या मधल्या बोटाशेजारी ठेवून पाहिली.

माझी करंगळी मोठी होती.