एडिथची माणसं

सिंगापुरात तांजोंग पगारच्या बँकेतून निवृत्त झाल्यावर मी सकाळी फोर्ट कॅनिंगच्या टेकडीवर जाऊ लागले. तिथल्या जुन्या भिंतीत इंग्रजांच्या थडग्यांचे दगड बसवलेले आहेत. त्यांवरची पुसट अक्षरं वाचायची, वहीत उतरवायची आणि पूर्वज शोधणाऱ्यांच्या एका वेबसाइटवर टाकायची, एवढाच माझा उद्योग. नवरा गेलेला, मुलगा तन्मय कॅनडात. वेळ भरपूर होता.

मार्चमध्ये एडिथ नावाच्या बाईचा दगड उतरवला. तापाने गेली, वय एकतीस, मागे दोन मुलं. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीची गोष्ट.

जूनमधल्या एका रविवारी, दहा वाजता, क्लेमेंटीतल्या माझ्या फ्लॅटची बेल वाजली. दारात एक उंच, म्हातारे गोरे गृहस्थ घाम पुसत उभे होते.

“सुरेखाबाई ना? मी हॅरल्ड. पर्थहून आलो. तुमचं पत्र मिळालं.”

मी कुणालाच पत्र लिहिलं नव्हतं. त्यांनी ते पुढे केलं. एडिथच्या मुलांना वेगवेगळ्या जहाजांवर चढवलं, मुलगा ऑस्ट्रेलियाला, मुलगी केपटाऊनला, असं त्यात होतं. मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. खाली लिहिलं होतं, ‘रविवारी दहाला घरी या.’

बँकेत तीस वर्षं मी लोकांच्या सह्या ताडून पाहिल्या. ते अक्षर माझंच होतं. कागदाच्या डोक्यावर मी नेहमी काढते तसं बारीक ‘श्री’सुद्धा होतं.

काही बोलणार, तोच पुन्हा बेल वाजली. जॅनेट नावाच्या बाई, केपटाऊनहून. हातात तसंच पत्र.

दोघं माझ्या हॉलमध्ये समोरासमोर उभी राहिली.

“माझे पणजोबा शेवटच्या आजारात बहिणीला हाका मारायचे,” हॅरल्ड म्हणाले. “घरच्यांना वाटायचं, भ्रम झालाय.”

“मी तिची पणती,” जॅनेट म्हणाल्या, आणि रडू लागल्या.

पत्र माझं नाही, हे सांगायचं मग राहूनच गेलं. मी चहा टाकला.

दुपारी त्यांना टेकडीवर नेलं. जॅनेटनी दगडावर तळहात ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. मीही हात लावून बघितला. भिंत सावलीत होती, आजूबाजूचे दगड गार होते. हा मात्र ताप भरलेल्या कपाळासारखा लागत होता.

“इतकी वर्षं हिच्याजवळ कुणीच नव्हतं,” जॅनेट म्हणाल्या.

दोघं गेल्यावर मी तन्मयला फोन केला.

“आई, तूच लिहिलं असशील,” तो जपून म्हणाला. “विसरली असशील. डॉक्टरांना एकदा दाखवूया का?”

मी विषय बदलला.

तीन आठवड्यांनी इमारतीखालच्या लेटरबॉक्समध्ये हॅरल्डचं पाकीट आलं. मी ते लिफ्टमध्येच फोडलं.

‘तुमचं दुसरं पत्र मिळालं. एडिथ आता त्या भिंतीपाशी नसते, तुमच्याकडे राहायला आली, हे वाचून आम्हा दोघांना फार बरं वाटलं. तिला उकाडा सोसत नाही म्हणून तुम्ही मधल्या खोलीतला पंखा चालू ठेवता, त्याबद्दल मनापासून आभार.’

मी घरात आले. चप्पल काढली.

मधली खोली दिवाळीपासून बंद होती. मी दार लोटलं.

पंखा मंद फिरत होता.

बटणापर्यंत माझा हात गेला होता. मी तो मागे घेतला आणि दार हळूच ओढून घेतलं.